'लीमेस' : भिंत की बांध?

रोमन साम्राज्याच्या इतिहासावरील कोणतेही पुस्तक उघडले की 'लीमेस' हा लॅटिन शब्द हमखास भेटतो, आणि त्याच्यापुढे बहुधा एकच अर्थ दिलेला असतो : साम्राज्याची तटबंदी केलेली सरहद्द. सोबतच्या नकाशात ऱ्हाइन आणि डॅन्यूब या नद्यांच्या मध्ये एक जाड रेघ ओढलेली असते. रेघेवर बुरुजांच्या खुणा असतात. अलीकडे 'रोमन' आणि पलीकडे 'रानटी' असे लिहिलेले असते. शब्द, रेघ आणि भिंत ही तिन्ही एकच होत, अशी वाचकाची समजूत होऊन जाते. प्रस्तुत लेखात ही समजूत आम्ही तपासून पाहणार आहोत, आणि तीही ज्या लॅटिन लेखकांनी हा शब्द वापरला त्यांच्याच पानांवर. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. 'लीमेस' हा मुळात वाटेचा शब्द आहे. त्याला भिंत चिकटली ती फार पुढे, आणि ती चिकटवणारे हात रोमनांचे नव्हते.

एवढ्याशा शब्दासाठी हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, या एका शब्दाच्या आधाराने एका अख्ख्या साम्राज्याचे चित्र आपण मनात उभे करतो. रोम म्हणजे भिंतीआड सुरक्षित बसलेली संस्कृती आणि भिंत पडली तेव्हा रोम पडले, हे ते चित्र. आजच्या जगात सरहद्दीवर भिंती उभारू पाहणारे आणि त्यांना विरोध करणारे, दोघेही या चित्राचा दाखला देतात. दाखलाच कच्चा असेल तर त्यावर उभारलेला वाद पक्का कसा असणार?

शब्दाच्या कुळापासून सुरुवात करू. लॅटिनमध्ये 'लीमेस' आणि 'लीमेन' असे दोन शब्द शेजारी राहतात. 'लीमेन' म्हणजे उंबरठा. त्यांच्या जोडीला 'लीमुस' असे एक विशेषण आहे. त्याचा अर्थ आडवा किंवा तिरपा. रोमन मोजणीदारांच्या काही पुस्तिका आजवर टिकून आहेत. त्यांतील हिगिनसच्या नावावर असलेल्या पुस्तिकेत 'लीमेस'च्या दोन व्युत्पत्ती दिल्या आहेत. एक अशी की, जमिनीतून आडवी जाते म्हणून ती 'लीमुस'वरून लीमेस. दुसरी अशी की, उंबरठ्यावरून जसे घरात जाणेयेणे होते तसे लीमेसवरून शेतात होते, म्हणून तो शब्द 'लीमेन'वरून आला. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ तिन्ही शब्दांचे नाते संभाव्य मानतात. कोण कोणाचे अपत्य याविषयी त्यांच्यात एकमत नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळेच आहे. हा शब्द ज्यांच्या रोजच्या कामातला होता त्या मोजणीदारांना त्यात जाणेयेणे ऐकू येत होते. अडवणूक ऐकू येत नव्हती.

'लीमेन' हा शब्द आमच्या वाचकांना अगदीच परका नाही. जगभरातील धर्मप्रांतांचे बिशप दर ५ वर्षांनी रोमला जाऊन आपल्या धर्मप्रांताचा अहवाल परमगुरूंना सादर करतात. त्या भेटीला 'आद लिमिना' म्हणतात. प्रेषितांच्या उंबरठ्यांकडे, म्हणजेच संत पेत्र आणि संत पौल यांच्या समाधींकडे, असा त्याचा पूर्ण अर्थ. स्पर्धेतून कोणी 'एलिमिनेट' झाला असे आपण म्हणतो तेव्हा त्याला उंबरठ्याबाहेर घातले असे म्हणत असतो. 'लीमेस'चा वंशही आपल्या तोंडी आहे : 'लिमिट' हा त्याचाच इंग्रजीतून आलेला नातू, आणि दुकानांच्या पाट्यांवरचे 'प्रायव्हेट लिमिटेड' हे पणतू. शब्द असा घरोघरी पोहोचला, पण मूळ घर मात्र विस्मरणात गेले.

ते मूळ घर शेतात होते. नवीन वसाहत वसवताना किंवा निवृत्त सैनिकांना जमिनी वाटताना रोमन मोजणीदार 'ग्रोमा' नावाचे ओळंब्याचे साधन रोवून जमीन चौकोनांत विभागीत. एका चौकोनाची बाजू २,४०० रोमन फूट, म्हणजे सुमारे ७१० मीटर. क्षेत्र २०० युगेरा, म्हणजे सुमारे ५० हेक्टर. या चौकोनांना विभागणाऱ्या ज्या रेषा त्यांना 'लीमितेस', म्हणजे अनेक लीमेस, असे नाव होते. आता ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या रेषांना रुंदी होती. सम्राट ऑगस्टसच्या नियमानुसार मुख्य उभी-आडवी लीमेस अनुक्रमे ४० आणि २० फूट, दर पाचवी १२ फूट आणि बाकीच्या ८ फूट रुंद ठेवायच्या होत्या. भूमितीतल्या रेषेला रुंदी नसते, रस्त्याला असते. या लीमितेसवरून लोकांना जाण्यायेण्याचा हक्क होता. इटलीच्या उत्तरेतील पो नदीच्या खोऱ्यात विमानातून खाली पाहिले तर आजही रस्ते, चर आणि झाडांच्या रांगा त्याच जुन्या चौकोनांवरून गेलेल्या दिसतात.

मराठी शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. दोन वावरांच्या मध्ये जो बांध असतो तो हद्द दाखवतो आणि पायाखाली वाटही देतो. बैल त्यावरून जातात, डोक्यावर भारा घेतलेली बाई त्यावरून जाते, शाळेतली पोरे त्यावरून जातात. बांध तुझा की माझा हा प्रश्न कोर्टापर्यंत जाऊ शकतो, पण बांधावरून चालू नये असे सहसा कोणी म्हणत नाही. 'लीमेस'ला मराठीत एकच शब्द योजायचा झाला तर तो 'बांध' हाच योजावा, असे आमचे मत आहे. त्याची कारणे पुढे येतीलच.

आता कवींकडे वळू. व्हर्जिलने हा शब्द दोन ठिकाणी असा वापरला आहे की त्यातून त्याची दोन्ही तोंडे दिसावीत. शेतीवरील आपल्या काव्याच्या पहिल्या सर्गात तो सुवर्णयुगाचे वर्णन करतो. त्या काळी शेतात लीमेस आखणे देखील निषिद्ध होते आणि भूमी सर्वांसाठी आपण होऊन पिकत होती, असा त्याचा भाव आहे. येथे लीमेस ही माणसाच्या पतनाची खूण आहे. व्हर्जिल मान्तुआ परिसरातला. इसवी सनापूर्वी ४१च्या सुमारास याच परिसरातल्या जमिनी काढून घेऊन त्या युद्धातून परतलेल्या सैनिकांना वाटल्या गेल्या. वाटणी म्हटली की मोजणी आली, आणि मोजणी म्हटली की लीमेस. तेव्हा हा शब्द निरागस होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्याची जमीन गेली त्याला मोजणीदाराची साखळी तलवारीपेक्षा कमी जड वाटली नसेल.

दुसरे स्थळ 'एनिड' महाकाव्याच्या अगदी शेवटाजवळचे. एनियासशी निर्वाणीचे द्वंद्व चालू असता टर्नस शेतातला एक प्रचंड जुना दगड उचलतो. हा दगड लीमेस म्हणून तेथे ठेवलेला होता, शेतांवरून होणारा तंटा मिटावा म्हणून. आजचे बारा धडधाकट पुरुष तो जेमतेम खांद्यावर घेतील, असे कवी सांगतो. टर्नस तो उचलून शत्रूवर फेकतो, पण त्याचे गुडघे लटपटतात आणि दगड मधल्या मध्ये पडतो. टीकाकार येथे टर्नसच्या ओसरत्या बळाविषयी लिहितात, आणि ते योग्यच आहे. पण दगड कोणता होता याकडे आम्हांला वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. शेजाऱ्या-शेजाऱ्यांचा तंटा मिटवण्यासाठी पूर्वजांनी रोवलेली खूण उपटून तिचे अस्त्र करण्यात आले, आणि ते अस्त्र कामी आले नाही. सरहद्दीच्या सगळ्या राजकारणावर याहून नेमके भाष्य आम्हांला तरी ठाऊक नाही. येथे 'लीमेस' हा दगड आहे, वाट नव्हे, हे खरे. पण तो कोणाला रोखण्यासाठी ठेवलेला नाही. दोघांत निवाडा व्हावा म्हणून ठेवलेला आहे.

ओव्हिडने आपल्या पंचांगकाव्याच्या दुसऱ्या सर्गात २३ फेब्रुवारीचा सण वर्णिला आहे. हा हद्दीच्या दगडाचा, म्हणजे तेर्मिनुस या देवाचा, दिवस. दोन्ही बाजूंचे शेतमालक आपापल्या अंगाने येऊन दगडाला हार घालतात, नैवेद्य करतात आणि शेजारी मंडळी एकत्र जेवतात. हद्दीवर पंगत बसते! याच वर्णनात ओव्हिड म्हणतो की इतर राष्ट्रांना ठरलेल्या लीमेसच्या आत भूमी मिळाली आहे. रोमच्या बाबतीत मात्र शहराचा विस्तार तोच जगाचा विस्तार. शहर आणि जग या अर्थाचे त्याचे दोन लॅटिन शब्द आमचे वाचक ओळखतात : नाताळ आणि ईस्टरच्या दिवशी परमगुरू जो आशीर्वाद देतात त्याच्या 'उर्बी एत ओर्बी' या नावात हेच दोन शब्द आहेत. साम्राज्याचा कवी येथे सांगतो आहे की लीमेस इतरांना असते, आम्हांला नसते. आणि नियतीचा खेळ असा की इसवी सन ८ मध्ये ऑगस्टसने याच कवीला काळ्या समुद्राच्या काठी, आजच्या रुमानियातील कॉन्स्तांत्सा येथे, म्हणजे तेव्हाच्या रोमन जगाच्या टोकाला हद्दपार केले. जगाला लीमेस नाही असे लिहिणाऱ्याला ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी लागली.

शेतातला हा शब्द सैन्यात कसा गेला? त्याचा माग इतिहासकारांच्या लिखाणात लागतो. इसवी सन ९ मध्ये व्हारुसच्या तीन लीजन जर्मनीच्या अरण्यात कापल्या गेल्या. त्यानंतर तिबेरियस ऱ्हाइनपार गेला, तेव्हा त्याने आत शिरून लीमितेस 'उघडल्या' असे वेल्लेयुस पातेर्कुलुस लिहितो. हा इतिहासकार स्वतः तिबेरियसच्या हाताखाली अधिकारी होता. शत्रूच्या मुलुखात जाऊन कोणी तटबंदी 'उघडत' नाही, वाट उघडतो. दाट रानात झाडे तोडून फौजेसाठी काढलेली सरळ वाट, हा येथला अर्थ उघड आहे.

टॅसिटसच्या 'वार्षिक वृत्तांता'तले एक स्थळ मात्र वादग्रस्त आहे. इसवी सन १४ मध्ये जर्मानिकस एका अरण्यातून आणि तिबेरियसने सुरू केलेल्या लीमेसमधून पुढे घुसतो. तेथे वापरलेल्या क्रियापदाचा अर्थ 'चिरणे' असा होतो. जर्मानिकसने चिरली ती तटबंदीच, असे म्हणायला येथे जागा आहे. पण पुढचे वाक्य पाहावे. जर्मानिकस त्या लीमेसवरच तळ ठोकतो. समोरून आणि मागून मातीचा तट घालतो, तर दोन्ही बगलांना तोडलेली झाडे आडवी टाकतो. लीमेस ही जर तटबंदी असती तर तिच्यावर तळ ठोकून पुन्हा नवा तट घालण्याची गरज काय? आणि पुढच्या-मागच्या बाजूंना एक उपाय व बगलांना दुसरा, हा फरक कशासाठी? कल्पना करावी की अरण्यातून जाणारा रुंद मोकळा रस्ता आहे. पुढे आणि मागे तो उघडाच राहणार, म्हणून तेथे माती उपसून तट हवा. दोन्ही बाजूंना रान आहे, तेथे झाडे पाडली की झाले. रस्ता म्हटला की सगळे वर्णन आपोआप जागेवर बसते.

फ्रॉन्टिनसची साक्ष याहून बोलकी आहे. युद्धातील क्लृप्त्यांवरील ग्रंथात तो लिहितो की सम्राट डोमिशियनने १२० मैलांच्या लीमितेस काढल्या, तेव्हा शत्रूच्या लपण्याच्या जागा उघड्या पडल्या आणि युद्धाचा रंगच पालटला. भिंतीने शत्रूच्या लपण्याच्या जागा उघड्या पडत नाहीत, झाकल्या मात्र जातील. शिवाय जमीनमोजणीवरील जुन्या संग्रहातही याच फ्रॉन्टिनसच्या नावावर लीमितेसविषयीचे लेखन आहे. शेताची लीमेस आणि सैन्याची लीमेस एकाच लेखकाच्या नावाखाली नांदतात. दोहोंत समान काय, तर मोजून, सरळ आखलेली वाट.

येथवर आमची बाजू सोपी होती. आता विरुद्ध पुरावाही मांडला पाहिजे, नाहीतर ही टीका न होता वकिली होईल. टॅसिटस आपल्या सासऱ्याच्या चरित्रात, इसवी सन ९८च्या सुमारास, साम्राज्याची लीमेस आणि नदीचा काठ अशी जोडी करतो. येथे लीमेस म्हणजे जमिनीवरची सरहद्द, यात शंका नाही. सम्राट हेड्रियनच्या प्राचीन चरित्रात आणखी स्पष्ट उल्लेख येतो. जेथे रानटी टोळ्या नद्यांनी विभागलेल्या नसून लीमितेसनी विभागलेल्या आहेत, तेथे हेड्रियनने मोठमोठे खांब जमिनीत खोल रोवून व एकमेकांना जोडून कुंपणासारखे त्यांना अलग केले, असा त्याचा आशय. हे वाक्य तटबंदीवाद्यांचा मोठा आधार. पण शब्दांचा क्रम पाहावा. लीमेस तेथे आधीच आहे; खांब नंतर आले. कुंपण लीमेसवर उभारले गेले, तेच काही लीमेस नव्हे. आपणही बांधावर निवडुंग लावतो. म्हणून निवडुंगाला कोणी बांध म्हणत नाही.

हेड्रियनची ब्रिटनमधली सुप्रसिद्ध भिंत इसवी सन १२२ मध्ये सुरू झाली. लांबी ८० रोमन मैल, म्हणजे सुमारे ११८ किलोमीटर. तिला त्याच चरित्रकाराने 'मुरुस', म्हणजे भिंत, असे साधे नाव दिले आहे. स्टॅफर्डशरमध्ये २००३ साली सापडलेल्या एका कांस्यपात्रावर तिच्यावरील ठाण्यांची नावे कोरलेली आहेत, आणि भिंतीला शब्द आहे 'व्हालुम', म्हणजे तट. पुढच्या काळातल्या सरकारी नोंदवहीतही तोच शब्द येतो. सांगायचा मुद्दा हा की भिंतीसाठी रोमनांकडे शब्दांचा दुष्काळ नव्हता. ज्या भिंतीला बघायला आज जगभरातून लोक जातात, तिला तिच्या बांधणाऱ्यांनी भिंतच म्हटले. आणि त्या भिंतीतही दर मैलाला एक छोटे ठाणे आणि ठाण्याला दरवाजा होता. संत पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली असे येते. तेथेही लॅटिन बायबल भिंतीचे आणि गडग्याचे शब्द वापरते, लीमेस नव्हे. तसेच नीतिसूत्रांच्या २२व्या अध्यायात पूर्वजांनी घातलेली हद्द सरकवू नये अशी ताकीद आहे. तेथे लॅटिन भाषांतरकाराने ओव्हिडच्या सणातला 'तेर्मिनुस' हा शब्द घेतला. प्रत्येक शब्द आपापल्या जागी नीट बसलेला आहे.

चौथ्या शतकापासून 'लीमेस'ला तिसरा अर्थ येतो. सरहद्दीलगतचे प्रदेश 'दुक्स' या सेनाधिकाऱ्याच्या ताब्यात देण्यात आले, आणि अशा प्रदेशाला लीमेस म्हणू लागले. म्हणजे जी वाट होती ती हद्द झाली, आणि हद्द होती ती एक सरकारी हुद्द्याची हुकमत झाली. या अर्थाची सर्वांत हृदयस्पर्शी साक्ष एका संतचरित्रात आहे, आणि ते आमच्या वाचकांनी मुद्दाम जाणून घ्यावे असे आहे.

संत सेव्हेरिनस हे पाचव्या शतकात डॅन्यूबकाठच्या नोरिकम प्रांतात, आजच्या ऑस्ट्रियात, राहत होते. ८ जानेवारी ४८२ रोजी ते ख्रिस्तवासी झाले. त्यांचे शिष्य युजिपियस यांनी ५११ साली नेपल्सजवळच्या मठात त्यांचे चरित्र लिहिले. त्याच्या विसाव्या प्रकरणात ते सांगतात की रोमन सत्ता उभी होती तोवर अनेक गावांतल्या सैनिकांना लीमेसच्या रक्षणासाठी सरकारी खजिन्यातून पगार मिळे. तो प्रघात बंद पडला तेव्हा सैनिकांच्या तुकड्या मोडल्या, आणि त्यांच्याबरोबर लीमेसही मोडली. बाताविस, म्हणजे आजचे पासाउ, येथली एक तुकडी मात्र कशीबशी टिकून होती. तिच्यातले काही जण आपल्या सोबत्यांचा शेवटचा पगार आणायला इटलीच्या वाटेला लागले. वाटेत रानटी टोळ्यांनी त्यांना मारले, आणि हे कोणाला कळलेही नाही. एके दिवशी सेव्हेरिनस आपल्या खोलीत वाचीत बसले असता त्यांनी एकाएकी पुस्तक मिटले, आणि उसासे टाकून ते रडू लागले. नदीवर धावत जा, ती या घटकेला माणसांच्या रक्ताने लाल झाली आहे, असे त्यांनी जवळच्यांना सांगितले. तेवढ्यात बातमी आली की त्या सैनिकांची प्रेते प्रवाहाने काठाला आणून टाकली आहेत.

टीकेच्या दृष्टीने या प्रकरणातले एक वाक्य आम्हांला सोन्याच्या मोलाचे वाटते. पगार थांबला आणि लीमेस मोडली. दगडी भिंत पगार थांबल्याने मोडत नाही; ती आणखी हजार वर्षे उभी राहते, तिच्यावर गवत उगवते, शेजारचे शेतकरी तिचे दगड गोठ्याला नेतात. पगाराबरोबर मोडते ती माणसांनी माणसांशी केलेली व्यवस्था. युजिपियस त्या काळाचे जवळचे साक्षीदार होते. त्यांच्या लेखी लीमेस ही कर्तव्याची आणि मोबदल्याची, शब्द देण्याची आणि शब्द पाळण्याची साखळी होती. तिची शेवटची कडी म्हणजे सोबत्यांच्या पगारासाठी निघालेले आणि परत न आलेले ते काही शिपाई. रोमचा अंत भिंत कोसळल्याने झाला असे मानणाऱ्याने हे प्रकरण एकदा वाचावे.

मग भिंत आली कोठून? जर्मनीत ऱ्हाइनकाठच्या राइनब्रोलपासून डॅन्यूबकाठच्या आयनिंगपर्यंत सुमारे ५५० किलोमीटर लांबीचे खांबांचे कुंपण, चर, बुरूज आणि काही भागात दगडी भिंत यांचे अवशेष आहेत. तेथले खेडूत तिच्या दगडी भागाला शतकानुशतके 'सैतानाची भिंत' म्हणत आले. 'लीमेस' हे नाव तेथे पंडितांनी पुस्तकांतून आणले. १८९२ साली थोर इतिहासकार थिओडोर मॉमसेन यांच्या प्रयत्नाने जर्मन साम्राज्याने या अवशेषांच्या शोधासाठी एक आयोग नेमला. त्याचे खंड १८९४ ते १९३७ या काळात निघाले. आयोगाच्या नावातच 'लीमेस' होता. उत्खननाचे ते काम अतुलनीय होते, याबद्दल दुमत नाही. पण त्याच्या तेजात शब्दाचा अर्थ दिपून गेला. जे उकरले ते तटबंदीचे होते, त्याला नाव लीमेस दिले, म्हणून लीमेस म्हणजे तटबंदी. ज्या युरोपात नवी राष्ट्रे नकाशावर ठळक रेघा ओढीत होती, त्या युरोपाला हा अर्थ सोयीचाही होता.

या अर्थाला सर्वांत मोठा धक्का बेंजामिन आयझॅक यांनी दिला. तेल अवीव विद्यापीठातल्या या इतिहासकाराने १९८८ साली एका दीर्घ लेखात 'लीमेस'चे प्राचीन उल्लेख तपासले. प्राचीन लेखनात हा शब्द तटबंदीच्या सरहद्दीसाठी वापरलेला नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९९० साली आलेल्या त्यांच्या ग्रंथात हाच विचार पूर्वेकडील रोमन सैन्याच्या संदर्भात विस्ताराने आला. एडवर्ड लुटवाक यांनी १९७६ साली रोमच्या 'महाव्यूहा'ची जी मांडणी केली होती, ठरवून आखलेली आणि आटोकाट जपलेली सरहद्द, तिचा पायाच यामुळे डळमळला. आयझॅक यांची तर्कपद्धती आम्हांला मान्य आहे. वर दिलेली अनेक स्थळे त्यांच्याही विवेचनात येतात. आमची तक्रार एवढीच की त्यांचा सारा रोख सैन्यावर आणि शासनावर आहे. शेताला तेथे थोडीच जागा मिळते. शब्द काय नव्हता हे ते ठामपणे सांगतात. रस्ता, हद्द आणि हुकमत हे तीन अर्थ एकाच शब्दात सुखाने का राहू शकले, हे मात्र शेतात उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

विद्वानांत हा बदल मुरला, पण पाट्यांवर तो पोहोचला नाही. २००५ साली युनेस्कोने जर्मनीतल्या अवशेषांना जागतिक वारशात घेतले ते 'लीमेस' याच नावाने. २०२१ साली ऱ्हाइनच्या खालच्या काठाला आणि डॅन्यूबच्या पश्चिम भागालाही तेच नाव मिळाले. तेथे सलग भिंत कधी नव्हतीच. नदीच सरहद्द होती. टॅसिटसने त्याला लीमेस न म्हणता काठ म्हटले असते, युजिपियसने मात्र लीमेसच म्हटले असते. शब्दांची अशी गंमत असते.

शेवटी प्रश्न मराठीचा. आपल्याकडे ख्रिस्तसभेच्या इतिहासावर लिहिताना आणि भाषांतरे करताना लॅटिन शब्दांशी गाठ पडतेच. 'लीमेस'साठी 'तटबंदी' लिहिले तर व्हर्जिलचा दगड, ओव्हिडची पंगत, जर्मानिकसचा रस्ता आणि सेव्हेरिनस यांचे अश्रू, ही चारही स्थळे दुर्बोध होतात. 'सीमा' लिहिले तर चूक होत नाही, पण वाट हरवते. 'बांध' लिहिले तर अर्थाचा गाभा राखला जातो. आणि ही केवळ आमची कविकल्पना नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या १४३व्या कलमात शेतकऱ्याला दुसऱ्याच्या शेताच्या हद्दीवरून जाण्यायेण्याचा हक्क मागता येतो, आणि त्याचा निवाडा तहसीलदाराने करावा अशी तरतूद आहे. हद्द म्हणजे जेथून जाता येते ती जागा, हा रोमन मोजणीदारांचा विचार आपल्या कायद्यातही असा वस्तीला आहे.

बांधाचे आम्ही गोडवे गात आहोत असे कोणी समजू नये. बांध कोरणारे शेजारी प्रत्येक गावात असतात, आणि वीतभर मातीसाठी सख्खे भाऊ एकमेकांचे तोंड पाहीनासे होतात. वसईच्या वाडीपासून विदर्भाच्या धुऱ्यापर्यंत हे दुःख एकच आहे. पण भिंतीचे आणि बांधाचे भांडण सारखे नसते. भिंत एकाला एकट्याने बांधता येते, पलीकडच्याला न विचारता. बांध राखायला दोघे लागतात. दोघांपैकी एकाने जरी हात आखडला तरी तो पावसाळ्यात वाहून जातो. रोमचा इतिहास आम्हांला हेच सांगतो असे वाटते. टिकून राहिलेल्या दगडांपेक्षा न पोहोचलेल्या पगारात त्या साम्राज्याचा शेवट अधिक स्पष्ट वाचता येतो. यापुढे आमच्या वाचकांपैकी कोणाच्या हाती जाड रेघेचा तो नकाशा आला, तर त्यांनी त्या रेघेकडे जरा निरखून पाहावे. तिला रुंदी आहे, आणि तिच्यावरून माणसे चालत असत.